मधमाशीच्या मागं पळू नका: उन्हाळी बागेत फुलं आणि किड्यांचे फोटो

नमस्कार मंडळी! एप्रिल-मे आला की कोल्हापुरातून पन्हाळ्याकडं, गगनबावड्याकडं मित्राच्या फार्महाऊसवर मुक्काम ठरलेला असतो. कॅमेरा बरोबर नेणार असाल तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी एक सांगतो. मधमाशीचा पाठलाग करायचा नाही. माशी एका फुलावर जेमतेम दोन-तीन सेकंद टिकते. तुम्ही फोकस लावेपर्यंत ती पुढच्या फुलावर गेलेली असते. त्यापेक्षा फूल निवडा, फोकस तिथं लावून ठेवा आणि थांबा.

पोचलात की मित्राला दोन गोष्टी विचारा. एक, फवारणी कधी झाली? नुकतं औषध मारलेल्या वाफ्यावर वेळ घालवू नका. दोन, तुळस फुलावर आहे का? तुळस दाट व्हावी म्हणून घरोघरी मंजिऱ्या खुडतात. तेव्हा आधीच सांगून ठेवा, ‘काकू, एवढा आठवडा मंजिऱ्या राहू द्यात.’ सातेरी आणि फुलोरी, दोन्ही मधमाश्या तुळशीवर हमखास येतात. मंजिरीवर माशी बहुधा खालून वर चढते, म्हणून ती बसली त्याच्या दोन बोटं वर फोकस ठेवा.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ. नंतर ऊन कडक होतं, पाकळ्यांवर पांढरे चट्टे येतात. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि क्लोज-अपमध्ये खरा त्रास वाऱ्याचाच. बांबूच्या काडीला कपड्याचा चिमटा बांधा, काडी मातीत रोवा आणि चिमट्यानं देठ अलगद धरा. हा दहा रुपयांचा जुगाड महागड्या ट्रायपॉडपेक्षा जास्त कामाला येतो.

(पडद्यावर: सूर्यफुलाचा क्लोज-अप)

आता हे सूर्यफूल बघा. मधली तबकडी म्हणजे शेकडो बारीक फुलं, आणि ती बाहेरून आत, कडी-कडीनं उमलतात. आज उमललेली कडी परागानं भरलेली दिसते. माशी त्याच कडीवरून गोल फिरते. म्हणजे फोकस तबकडीच्या मध्यावर नाही, त्या कडीवर. कॅमेरा तबकडीला समांतर धरलात तर कडीचा बराच भाग स्पष्ट येतो.

माझ्या मते मात्र परसातलं सगळ्यात भारी फूल वांग्याचं. लोक गुलाबाकडं जातात आणि वांग्याचा वाफा ओलांडून जातात! वांग्याचं फूल खाली मान घालून असतं. मध्ये पिवळ्या परागकोशांचा सुळका, आणि पराग बाहेर पडायला त्याच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं. नुसतं चालून पराग मिळत नाही. काळा भुंगा, नाहीतर निळ्या पट्ट्यांची माशी येऊन त्या सुळक्याला घट्ट मिठी मारते, पंख न फडफडवता अंग थरथरवते, आणि पराग पोटावर झडतो. त्या क्षणी आवाज बदलतो: उडतानाची घुंघुं एकदम चढते. आवाज चढला की बटण दाबायचं! सातेरीला हे थरथरणं जमत नाही, म्हणून इथं भुंग्याचीच वाट बघा.

हा फोटो खालून घ्यावा लागतो. गुडघ्याखाली गोणपाट घ्या, कॅमेऱ्याखाली किलोभर तांदळाची पिशवी. वाफ्यात पाय टाकू नका, पाटातूनच फिरा.

सेटिंग. मॅक्रो लेन्सवर अगदी जवळून, एकास एक (म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा) घेताना एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करूनही, पुढं-मागं जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते. म्हणून ऑटोफोकस बंद, मॅन्युअल. रिंग फिरवायची नाही, स्वतः तीळभर पुढं-मागं व्हायचं आणि डोळा स्पष्ट दिसला की चार-पाच फोटोंचा बर्स्ट. बसलेल्या माशीला शटर १/५०० सेकंद, उडतीला १/२००० किंवा जास्त. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेच्या वर फडफडतात, त्यामुळं थोडे पुसट येणारच. येऊ द्या, डोळा स्पष्ट हवा. फ्लॅश वापरत असाल तर १/२०० शटर, पॉवर १/१६ आणि पुढं ट्रेसिंग पेपर. पेपर नसला तर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा ठिपका पडतो.

झेंडू आणि लाल जास्वंद कॅमेऱ्याला फसवतात: लाल रंग फुटतो, पाकळीच्या शिरा जातात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप (कॅमेऱ्यावर साधारण -०.७) खाली घ्या.

फोनवाल्यांनी मॅक्रो मोडच्या मागं लागू नये. त्यात फोन दोन-चार सेंटिमीटरवर न्यावा लागतो, सावली पडते, माशी उडते. दोन-तीन पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा, हातभर लांबून. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा.

फुलांवर पाणी शिंपडून ‘दव’ करू नका. फुलातला मकरंद पातळ होतो आणि माश्या ते फूल सोडतात.

लिंबाच्या झाडाजवळ नीलवंत घिरट्या घालताना दिसेल. हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ पासून. मादी पानांवर अंडी घालायला येते, फुलाला नाही. फोकस कोवळ्या पानांवर. पंख सतत हलतात, म्हणून १/२००० च ठेवा.

झाडावर आग्याचं पोळं असेल तर तिकडं जायचंच नाही. अत्तर नको, धूर नको, आणि मुलांना आधीच बजावून ठेवा. डंख बसलाच तर आधी तिथून लांब व्हा, मग नखानं खरवडून काटा काढा. श्वासाला त्रास होऊ लागला तर थेट दवाखाना गाठा.

शेवटी, ओळख पटवायची असेल तर एक फोटो पुरत नाही. माशीचा एक वरून, एक बाजूनं घ्या. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडलेले दोन्ही हवेत. आणि झाडाच्या पानाचा एक फोटो नक्की घ्या, कारण नुसत्या फुलावरून झाड ओळखताना बरेचदा अडतं.