बेरीज मांडणारी गॅलरी

मित्रहो, २४ मार्च १९६५ च्या रात्री लिव्हरपूल आणि कोलोन हे दोन फुटबॉल संघ युरोपियन कपच्या, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या, उपांत्यपूर्व फेरीत तिसऱ्यांदा समोरासमोर आले होते. कोलोनमधला सामना गोलशून्य सुटला होता, लिव्हरपूलमधलाही गोलशून्यच, आणि रॉटरडॅमच्या त्रयस्थ मैदानावरचा हा तिसरा सामना अतिरिक्त वेळेनंतरही २–२ असा बरोबरीत राहिला. कोलोनचा वोल्फगांग वेबर पायाचे हाड मोडलेले असताना खेळत राहिला होता. एवढे सगळे झाल्यावर पंचांनी एक दुरंगी चकती हवेत उडवली, तर ती खाली येऊन चिखलात कडेवर उभी रुतली. ती पुन्हा उडवावी लागली आणि कौल लिव्हरपूलच्या बाजूने पडला. पाच तासांच्या फुटबॉलनंतर त्या मैदानावरच्या प्रेक्षकांना जो जल्लोष किंवा जो शोक करायचा होता, तो खेळाडूंकडे पाहून नव्हे, तर चिखलातल्या चकतीकडे पाहून करायचा होता.

हा प्रसंग मी मुद्दाम आधी सांगितला, कारण प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेकडे आपण फार भाबडेपणाने पाहतो असे माझे मत आहे. गोल झाला की माणसे उसळतात, हरले की रडतात, यात समजून घेण्यासारखे काय आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु युरोपातल्या क्लब स्पर्धांच्या बाद फेऱ्यांमध्ये तोच गोल एका मिनिटाला स्टेडियम डोक्यावर घेतो आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच प्रेक्षकांच्या कपाळावर आठी आणतो. भावना खरीच असते, पण तिचा चढउतार ठरवणारा जो नियम असतो, तो बदलला की गॅलरीतला आवाजही बदलतो. हे गेल्या काही वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

अंतिम सामना वगळता या स्पर्धांची प्रत्येक बाद फेरी दोन सामन्यांची असते, एक आपल्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करून निकाल लागतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि बालगोपाल यांचा बाद फेरीचा सामना पाहणाऱ्याला हा प्रकार माहीत असण्याचे कारण नाही. तिथे जे व्हायचे ते त्याच संध्याकाळी होते. युरोपात मात्र पहिला सामना संपतो तेव्हा चाहत्याच्या हाती निकाल पडत नाही, अर्धी मांडलेली बेरीज पडते, आणि ती घेऊन त्याला आठवडाभर, कधी दोन-तीन आठवडे, कामाधंद्याला जावे लागते. घरी १–० ने जिंकलेला धास्तावलेला असतो आणि बाहेर २–१ ने हरलेला मनातून खूश असतो, असा उलटा न्याय कित्येक वर्षे चालला.

त्याचे कारण ‘अवे गोल’चा नियम. १९६५ मध्येच कप विनर्स कप या युरोपातल्याच दुसऱ्या स्पर्धेत तो आला आणि नंतर इतर स्पर्धांमध्ये पसरला. बेरीज सारखी झाली, तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे जाणार, एवढाच तो नियम होता. तिसरा सामना आणि चकतीची उडवाउडवी टाळण्यासाठी आणलेल्या या नियमाने प्रेक्षकांना एक नवीच भीती दिली. घरच्या मैदानावर खाल्लेला गोल हा आता नुसता गोल उरला नाही.

८ मार्च २०१७ चा बार्सिलोना आणि पॅरिस सेंट जर्मेन यांचा सामना घ्या. पॅरिसमध्ये बार्सिलोना ४–० ने हरून आली होती. परतीच्या सामन्यात तिसऱ्या मिनिटाला सुआरेझचा गोल झाला, चाळिसाव्या मिनिटाला कुर्झावाच्या पायाला लागून स्वयंगोल झाला, पन्नासाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टी मारली. ३–०. आणखी एक गोल झाला की बरोबरी, आणि काम्प नोऊमधल्या शहाण्णव हजारांवर माणसांना तो गोल दिसू लागला होता. बासष्टाव्या मिनिटाला कावानीने पॅरिससाठी गोल केला आणि आवाज दोरी कापावी तसा तुटला. आता तो एक ‘अवे गोल’ असल्यामुळे बार्सिलोनाने ५–१ केले तरी बेरीज ५–५ होऊन पॅरिसच पुढे जाणार होते; हवे होते आणखी तीन गोल, आणि हे कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. पुढची सव्वीस मिनिटे स्टेडियम निम्मे मेलेले होते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला नेमारची फ्री किक गोलात गेली तेव्हा झालेला गलका मोठा होता पण पोकळ होता. एक्याण्णवाव्या मिनिटाला त्याच्याच पेनल्टीने पाचवा गोल झाला, तेव्हा पहिल्यांदा त्या गलक्यात घाई ऐकू आली, कारण अजूनही बार्सिलोना बाहेरच होती. पंच्याण्णवाव्या मिनिटाला सर्जी रॉबर्टोने पाय लांब करून सहावा गोल केला. स्टेडियमपासून साधारण पाचशे मीटरवर असलेल्या भूविज्ञान संस्थेतल्या भूकंपमापकाने त्या क्षणाचा हादरा टिपला, आणि सामना संपल्यावर मेस्सी जाहिरातफलकावर चढून गॅलरीसमोर मूठ उंचावून उभा राहिला, ते छायाचित्र तुम्ही पाहिलेच असेल. माझ्या मते त्या भूकंपमापकाच्या नोंदीत कावानीचाही वाटा आहे. त्याचा गोल झाला नसता तर बार्सिलोना याहून सहज जिंकली असती, आणि जमीन इतकी हलली नसती.

याच नियमाची क्रूर बाजू ११ मार्च २०२० रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर दिसली. माद्रिदमध्ये १–० ने हरलेल्या लिव्हरपूलने निर्धारित वेळेत १–० अशी आघाडी घेऊन सामना अतिरिक्त वेळेत नेला, आणि चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला फिर्मिनोने दुसरा गोल करून संघाला पुढे नेले. तीनच मिनिटांनी गोलरक्षक आद्रियानचा फटका चुकला आणि अटलेटिको माद्रिदच्या मार्कोस योरेंतेने गोल केला. बेरीज पाहिली तर २–२, म्हणजे बरोबरीच. परंतु ॲनफिल्डची शांतता बरोबरीची नव्हती, पराभवाची होती. अटलेटिकोने नंतर आणखी दोन गोल केले, पण त्यांचे गॅलरीला काही वाटले असेल असे मला वाटत नाही. तिचा निकाल आधीच लागला होता.

त्याच रात्री पॅरिसमध्ये मात्र गॅलरीच नव्हती. साथीमुळे डॉर्टमुंडविरुद्धचा परतीचा सामना बंद दाराआड खेळवला गेला आणि पॅरिसचे हजारो चाहते पार्क दे प्रँसच्या भिंतीबाहेर जमून, जो सामना त्यांना दिसत नव्हता, त्याच्यासाठी ओरडत राहिले. संघ जिंकल्यावर खेळाडू स्टेडियमच्या कठड्यावर येऊन त्यांच्यासमोर नाचले. माद्रिदमध्ये शाळा बंद झालेल्या असताना तिथून सुमारे तीन हजार माणसे ॲनफिल्डवर आली होती आणि पॅरिसमध्ये घरच्याच माणसांना आत जाता येत नव्हते. साथीच्या दृष्टीने कोणाचे बरोबर होते हे वेगळे सांगायला नको. भिंतीबाहेरची ती गर्दीही काही शहाणपणाची म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या नियमाकडे वळतो. चॅम्पियन्स लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय देण्याची पद्धत, २०१९ च्या फेब्रुवारीत बाद फेऱ्यांपासून सुरू झाली आणि दोनच महिन्यांत, १७ एप्रिलला, मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम यांच्या सामन्यात तिने आपले खरे रूप दाखवले. पहिल्या एकवीस मिनिटांत पाच गोल झालेला हा सामना. सिटी ४–३ ने पुढे, बेरीज ४–४, आणि ‘अवे गोल’मुळे टॉटनहॅम पुढच्या फेरीत जाणार. भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला स्टर्लिंगने गोल केला. स्टेडियम उसळले, पेप गार्डिओला हात उंचावून धावत सुटले. आणि मग पंचांचा हात कानातल्या श्रवणयंत्राकडे गेला. त्याआधीच्या हालचालीत सिटीचाच अग्वेरो ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर पुढे, होता असे ठरले आणि गोल रद्द झाला. जे घडले ते असे, की स्टेडियमच्या एका कोपऱ्यात बसलेल्या टॉटनहॅमच्या पाठीराख्यांनी, ज्यांनी मिनिटभरापूर्वी डोके धरले होते, चेंडू हललेला नसताना जल्लोष केला. गोल न झाल्याचा जल्लोष हा प्रकार फुटबॉलमध्ये त्यापूर्वी जवळपास नव्हताच. तेव्हापासून चाहता उडी मारतो, पण एक डोळा पंचांच्या कानावर ठेवून मारतो. न्याय वाढला हे मला मान्य आहे. पण पहिल्या क्षणाचा निर्भेळपणा गेला, आणि तो परत येईल असे वाटत नाही.

‘अवे गोल’चा नियम युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेने, २०२१ मध्ये रद्द केला. यजमान संघ गोल खाण्याच्या धास्तीने आक्रमणच करीत नाहीत, म्हणजे नियम स्वतःच्या हेतूच्या उलट वागतो, असे कारण देण्यात आले. त्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, ४ मे २०२२ रोजी, रिअल माद्रिदने सिटीविरुद्ध जे केले ते अनेकांना तोंडपाठ आहे, पण त्याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. मँचेस्टरमध्ये रिअल ४–३ ने हरली होती. जुना नियम असता तर बर्नाबेऊ या घरच्या मैदानावर तिला एकच गोल पुरला असता. नव्या नियमाने एक गोल म्हणजे फक्त अतिरिक्त वेळ. त्र्याहत्तराव्या मिनिटाला माहरेझने सिटीची आघाडी दोन गोलांची केली आणि घड्याळ नव्वदीपर्यंत गेले. मग रॉड्रिगोने नव्वदाव्या आणि एक्याण्णवाव्या मिनिटाला, दोन दमांत, दोन गोल केले. जुन्या नियमाने रिअल तिथेच जिंकली असती. नव्या नियमाने मात्र तो उन्माद आणखी अर्धा तास जिवंत ठेवावा लागला, आणि पंच्याण्णवाव्या मिनिटाला बेन्झेमाच्या पेनल्टीने त्यावर शिक्कामोर्तब होईपर्यंत सिटीचे खेळाडू त्या आवाजाखालीच खेळले. बर्नाबेऊचे प्रेक्षक तसे शिट्ट्या मारून स्वतःच्याच खेळाडूंना घाम फोडणारे. पण दर सामन्याच्या सातव्या मिनिटाला ते रिअलची सात क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या, १९९२ मध्ये अपघातात वारलेल्या हुआनितो या खेळाडूच्या नावाचा घोष करतात. ‘बर्नाबेऊवर नव्वद मिनिटे फार लांब असतात’ असे तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये इंटर मिलानच्या खेळाडूंना बजावणारा तोच.

आपल्याकडे हे सगळे रात्री घडते, आणि त्यातही एक बारकावा आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे तासभर पुढे जातात; म्हणून त्याआधीची सोळा संघांची फेरी पाहणाऱ्या पुण्या-मुंबईच्या चाहत्याला दीड वाजेपर्यंत जागावे लागते, तर त्यानंतरची उपांत्यपूर्व फेरी साडेबारालाच सुरू होते. ॲनफिल्डचा तो सामना इथे पहाटे चारच्या सुमारास संपला. घरातली माणसे झोपलेली असल्यामुळे ओरडणे उशीत तोंड खुपसून करावे लागते. त्यातून मोबाइलवर पाहणाऱ्याच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असतो आणि मित्राचा ‘गोऽऽल’ असा संदेश आधीच येऊन पडतो. ज्याला गोल आधी कळतो आणि नंतर दिसतो, त्या प्रेक्षकाची प्रतिक्रिया नेमकी कशाला असते?

माझे म्हणणे सगळीकडे लागू पडत नाही, हे सांगायला हवे. ११ एप्रिल २०१७ रोजी डॉर्टमुंड संघाच्या बसजवळ स्फोट झाले, खेळाडू मार्क बार्त्रा जखमी झाला आणि मोनॅकोविरुद्धचा सामना दुसऱ्या दिवसावर गेला. मोनॅकोहून आलेले चाहते अडकून पडले, तेव्हा डॉर्टमुंडच्या लोकांनी त्यांना आपापल्या घरी झोपायला नेले. आणि त्याआधी स्टेडियममध्ये याच पाहुण्यांनी ‘डॉर्टमुंड, डॉर्टमुंड’ असा घोष केला होता. यात कुठलाही नियम नाही, कुठलीही बेरीज नाही.

आणि कधी गॅलरीच उलटीपालटी होते. १४ एप्रिल २०२२ रोजी युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीसाठी आइंट्राख्ट फ्रँकफर्ट काम्प नोऊवर आले, तेव्हा त्यांना मिळालेली अधिकृत तिकिटे पाच हजार होती, आणि आत शिरले सुमारे तीस हजार. ऐन ईस्टरच्या आठवड्यात बार्सिलोनाच्या सभासदांनी आपल्या जागा विकल्या आणि पांढऱ्या कपड्यांतल्या जर्मनांनी स्टेडियमचा मोठा भाग भरून टाकला. पाहुण्या संघाने गोल केला की परके मैदान गप्प होते, ती शांतता हीच पाहुण्यांची कमाई. इथे मात्र फ्रँकफर्टच्या तिन्ही गोलांना घरच्यासारखा गजर मिळाला. बार्सिलोनाच्या कट्टर पाठीराख्यांनी निषेध म्हणून दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला आपली जागा मोकळी ठेवली. ‘घरचे मैदान’ ही सोय कागदावर असते आणि तिकीट विकताच ती जाते, हे त्या क्लबला फार महागात शिकावे लागले.

आता ६ मे २०२५ ची सान सिरोवरची उपांत्य लढत पाहू. बार्सिलोनातला पहिला सामना ३–३ सुटला होता. मिलानमध्ये इंटर २–० ने पुढे गेले आणि साठाव्या मिनिटापर्यंत बार्सिलोनाने २–२ केले. जुन्या नियमाने या आकड्यांवर इंटरच पुढे होते. सान सिरोने घड्याळाकडे पाहत, वेळकाढूपणाला टाळ्या देत ती मिनिटे काढली असती. नव्या नियमाने कोणीच पुढे नव्हते, आणि त्या प्रेक्षकांना आक्रमणच हवे होते. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बार्सिलोनाच्या राफिन्याने गोल केला. सगळे संपले असे वाटत असताना भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला इंटरचा सदतीस वर्षांचा बचावपटू अचेर्बी गोलसमोर आघाडीपटूच्या जागी उभा सापडला आणि त्याने चेंडू वरच्या जाळीत हाणला. नव्व्याण्णवाव्या मिनिटाला फ्रातेसीने इंटरचा चौथा गोल केला, बेरीज ७–६.

आता युएफाने आणखी एक फेरफार केला आहे. २०२५–२६ च्या मोसमापासून, साखळी टप्प्यात वरच्या क्रमांकावर राहिलेल्या संघांना उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीतही परतीचा सामना घरी खेळण्याचा हक्क मिळतो. पूर्वी तो सोडतीवर होता. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या, एरवी जांभया देत पाहिल्या जाणाऱ्या साखळी सामन्यांत, ३–० ने जिंकत असतानाही चौथा गोल मागणारी गॅलरी आता ऐकू येऊ लागेल, कारण तिने एप्रिलची बेरीज आतापासूनच मांडायला घेतलेली असेल.