धबधब्यावरचं घर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय घराबद्दल, पण सुरुवात कवींपासून. इंग्रज कवी कोलरिज म्हणायचा, आकार दोन तऱ्हेचे. ओल्या मातीवर आपण उमटवतो तो बाहेरून लादलेला. दुसरा आतून वाढत जाणारा. आतून वाढणारा, एवढं लक्षात ठेवा. हाच विचार अमेरिकेत लेखक-विचारवंत एमर्सनने आपलासा केला, आणि एमर्सन आवडीने वाचणाऱ्या घरात वाढला वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. त्याने तो विटा-दगडांत आणला.

आता माझी लाडकी गोष्ट. पिट्सबर्गचे व्यापारी एडगर कॉफमन यांना पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, बेअर रन ओढ्याकाठी घर हवं होतं. राइटने जागा पाहिली, नकाशा मागवला. त्यात एकेक झाड, एकेक खडक दाखवलेला. मग महिनोन्‌महिने कागदावर रेघ नाही! सप्टेंबर १९३५, रविवारची सकाळ. कॉफमनांचा फोन आला: मी मिलवॉकीत आहे, निघतोय तुमच्याकडे. तिथून राइटच्या घरापर्यंत अंतर सव्वादोनशे किलोमीटर. राइटकडे काम शिकणाऱ्या शिष्यांचं धाबं दणाणलं. राइट शांतपणे नकाशे काढायच्या फळ्याशी बसला आणि काढत सुटला. तळमजला, वरचा मजला, त्याच्या वरचा. पेन्सिली झिजत होत्या, शिष्य टोकं करून देत होते. दोनेक तासांत घर कागदावर, खाली नावही लिहिलेलं: फॉलिंगवॉटर. तेवढ्यात कॉफमन दारात!

हात असा चालतो तो डोळ्यांनी आधी खूप पाहिलेलं असतं म्हणून. आपल्या शाळांत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. असो.

कॉफमनांना वाटलं होतं, घर धबधब्यासमोर असेल. राइटने ते धबधब्यावरच ठेवलं. समोर नाही, वर! रोज नुसता पाहायचा नाही, त्याच्यासोबत राहायचं. ज्या खडकावर कॉफमन कुटुंब ऊन खात बसायचं, तो फोडला नाही. तोच दिवाणखान्यातल्या शेकोटीचा ओटा झाला. भिंतींचा दगड तिथल्याच खाणीतला. दिवाणखान्यातून जिना थेट ओढ्यात उतरतो. आतून वाढणारा आकार म्हणतात तो हा.

पाण्यावर झेपावलेले काँक्रीटचे सज्जे मात्र काळाच्या ओघात खाली वाकत गेले. २००२ मध्ये पोलादी तारा ताणून ते सावरले. घर आता संग्रहालय आहे, २०१९ पासून जागतिक वारसा यादीतही. ओढा अजून खालून वाहतो, आणि पाहायला आलेल्यांना त्याचा आवाज घरभर ऐकू येतो.