हसू पाठीवर उमटतं तेव्हा

(दृश्य : दोघं समोरासमोर बसून बोलत आहेत. एकाच्या हाती पांढरी काठी.)

निवेदन :
सिनेमातलं अंध पात्र समोरच्याच्या चेहऱ्यावरून हळूच हात फिरवतं आणि त्याला ओळखतं. खऱ्या आयुष्यात असं जवळजवळ कुणी करत नाही. परक्या माणसाच्या गालाला हात लावायचा, ही कल्पनाच बहुतेक अंध व्यक्तींना नकोशी वाटते. आवाज पुष्कळ काही सांगतो. बोलण्यातली धार, दाटून आलेला गळा, मध्येच अडलेला श्वास. पण गप्प बसलेल्या माणसाचं काय? तुम्ही काहीतरी रंगवून सांगताय आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. डोळस माणूस तिथंच सावरतो, विषय बदलतो. अंध माणसाला ती आठी कोण सांगणार?

ती त्वचेवाटे कळवता येईल का, याचा शोध बराच जुना आहे.

(दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र. दंतवैद्याची खुर्ची.)

1969 साली पॉल बाख-इ-रिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाठीत 400 कंपक, म्हणजे थरथरणारी छोटी उपकरणं, बसवले. कॅमेऱ्याला जे दिसे, त्याची आकृती बसणाऱ्याच्या पाठीवर थरथरत उमटे. सरावानंतर अंध माणसं या खुर्चीत बसून ओळखीचे चेहरे ओळखू लागली. कॅमेरा त्यांनी स्वतः फिरवला, की वस्तू पाठीवर नव्हे, तर समोर आहे असं त्यांना जाणवे.

पण चेहरा ओळखणं वेगळं आणि चेहऱ्यावरचा भाव ओळखणं वेगळं. चेहरा तोच राहतो, भाव क्षणात पालटतो. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात सुझन लेडरमन यांच्या गटाने 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी न पाहता, नुसत्या हातांनी, जिवंत चेहऱ्यावरचे सहा भाव ओळखायचे होते. चेहरा स्थिर ठेवला तेव्हा सुमारे 51 टक्के उत्तरं बरोबर आली. हाताखाली चेहरा हलू लागला, भाव उमटू लागला, तेव्हा 74 टक्के. भाव हालचालीत असतो, हे बोटांनीच सांगितलं.

(दृश्य : हातमोज्याचा क्लोज-अप. बोटांच्या पाठीवर बारीक मोटरी.)

2010 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात सेतुरामन पंचनाथन यांच्या प्रयोगशाळेने एक हातमोजा तयार केला. त्याच्यावर 14 छोट्या मोटरी होत्या : अंगठ्याच्या दोन पेरांवर दोन, बाकी प्रत्येक बोटाच्या तीन पेरांवर तीन. समोरचा हसला, की मधल्या बोटांवरून हसऱ्या ओठांची कमान धावते. तो दुःखी झाला, की तीच कमान उलटी. आश्चर्याला वर्तुळ. सगळं एका सेकंदाच्या आत. पहिल्या चाचणीत 89 टक्के ओळख अचूक ठरली.

आकडा सुखावणारा आहे. पण चाचणीत बसले होते 12 जण, आणि त्यांतले 11 डोळस, डोळ्यांवर पट्टी बांधलेले. मला इथं थांबावंसं वाटतं. हसू म्हणजे वर वळलेली कमान, हे आपण लहानपणापासून चित्रांत पाहिलंय. पट्टी बांधली तरी ते चित्र मनातून पुसलं जात नाही. ज्याने जन्मापासून एकही चेहरा पाहिलेला नाही, त्याच्या बोटांवर ही कमान धावली तर त्याने तिला हसू का म्हणावं?

आणि तरीही हसू त्याला ठाऊक असतंच.

(दृश्य : ज्युदोची मॅट. निकालानंतरचे चेहरे.)

2004 च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्युदोपटूंची छायाचित्रं डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी ताडून पाहिली. जिंकल्यावर, हरल्यावर डोळस खेळाडूंच्या चेहऱ्याचे जे स्नायू हलले, तेच जन्मांधांच्याही चेहऱ्यावर हलले. हसू त्यांनी कुणाचं पाहून उचललेलं नव्हतं. ते त्यांच्या गालांत आधीपासूनच होतं.

म्हणूनच स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातलं शफिक उर रहमान यांचं काम मला जवळचं वाटतं. 2010 मधल्या त्यांच्या प्रबंधात पुन्हा खुर्ची आहे, पाठीत कंपक आहेत. वेबकॅम चेहरा टिपतो. कोणता भाव आहे आणि तो किती तीव्र आहे, हे कंपक क्रमाक्रमाने कळवतात. पण शिकताना कॅमेरा आधी अंध व्यक्तीच्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे असतो. ती हसते, आणि तिचं हसू तिच्या पाठीवर उमटतं. गाल वर ओढले जाताना आतून जे जाणवतं, त्याची गाठ त्या थरथरीशी बसते. इथं कुणाच्या चित्राची गरजच उरत नाही. मग कॅमेरा समोरच्या माणसाकडे वळतो.

खुर्ची घेऊन लग्नाला किंवा मुलाखतीला जाता येत नाही. कंपक कपड्यांत, पट्ट्यात, मनगटावर यायला हवेत. बोलत्या माणसाचे ओठ तसेही हलतच असतात, त्यातलं हसू वेगळं काढणं कॅमेऱ्याला सोपं नाही. ही कामं अभियंत्यांची. चाचणीला मात्र यापुढे पट्टी बांधलेले अकरा नकोत, जन्मांध अकरा हवेत.