आठाला आठ आणि तीन तोळ्यांची दोरी

हरिपूरच्या संगमावर गळ टाकून बसलेले इथं किती जण आहेत? जरा हात वर करा. वा, मागच्या रांगेत तर सगळेच. मग माझं अर्धं काम झालं, कारण तंगूस म्हणजे काय आणि शिसं कशाला लावतात हे तुम्हाला सांगायला नको. काठी फिरवली की शिसं पुढं जातं, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, त्याच्या मागून ओढत जातो. शिसं काढून नुसता गळ फेकून बघा, पायाशी पडेल.

आज मी ‘स्पे’ नावाच्या ज्या फेकीबद्दल बोलणार आहे तिच्यात शिसंच नाही. गळावर पिसं नि धागे बांधलेले असतात, त्याला माशी म्हणायचं. तिचं वजन असून नसल्यासारखं. तरी ती पंचवीस-तीस मीटर पलीकडं जाऊन अलगद टेकते. का? तर सगळं वजन दोरीत आहे. प्लॅस्टिकचा थर दिलेली, सुतळीएवढी जाड दोरी. तुमच्या गळात शिसं दोरीला नेतं, इथं दोरी माशीला नेते. एवढं एक वाक्य घरी नेलंत तरी मला आनंद आहे, कारण ते मला कळायला दीड वर्ष लागलं.

माझं कुपवाडला लेथचं वर्कशॉप आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मुलगी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा जावयांनी एका रविवारी स्पे नदीवर नेलं. ग्रँटाउन नावाचं गाव आहे, तिथं. नदी आपल्या कृष्णेसारखी शांत नाही, चांगली ओढीची. एक म्हातारे गृहस्थ मांडीभर पाण्यात उभे होते. हातात तेरा-चौदा फुटांची काठी, दोन्ही हातांनी धरलेली. पाठीमागं उंच काठ नि त्यावर दाट झाडी. मला प्रश्न पडला, हे मागं दोरी नेणार कुठून? आणि त्यांनी मागं नेलीच नाही. दोरी उचलली, एका बाजूनं वळवली, तिचं टोक शेजारी पाण्यावर टेकवलं, पाठीमागं क्षणभर एक मोठी कमान उभी राहिली आणि पुढच्या क्षणी सगळी दोरी नदीच्या मध्यावर. पानसुद्धा हललं नाही. मी दोन तास तिथून उठलो नाही. जावई गाडीत झोपून गेले.

ही फेक तिथलीच, एकोणिसाव्या शतकातली. साध्या फेकीत पुढं वीस मीटर टाकायचं तर मागंही जवळजवळ तेवढीच मोकळी जागा लागते, कारण दोरी आधी मागं सरळ व्हावी लागते. स्पेच्या काठी जागा नव्हती, म्हणून लोकांनी मागं न टाकता फेकायची रीत काढली. आता मला सांगा, भिलवडीपासून हरिपूरपर्यंत कृष्णेच्या काठावर पाठीमागं काय आहे? वेडी बाभूळ. ती संपली की ऊस. स्कॉटलंडची ही फेक आपल्याच काठासाठी केल्यासारखी आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. आजचं व्याख्यान मी मागून घेतलं ते त्याचसाठी.

मिरजेची तंतुवाद्यं करणारी मंडळी आली आहेत, म्हणून एक सांगून टाकतो. इन्व्हर्नेसला अलेक्झांडर ग्रँट म्हणून एक जण होऊन गेला. या फेकीतलं मोठं नाव. त्यानं काठ्या केल्या ग्रीनहार्ट लाकडाच्या, आणि त्यांना नाव दिलं ‘व्हायब्रेशन’. सांध्यात धातूची नळी घालायची नाही, लाकूड तिरकं कापून एकावर एक बसवून बांधायचं, म्हणजे कंप बुडापासून टोकापर्यंत अडत नाही. आणि हा माणूस व्हायोलिन करायचा! तंबोऱ्याची जवारी लावताना आपले कारागीर दोऱ्याचा तुकडा केसभर सरकवतात आणि कान देतात, तो कान या माणसानं मासेमारीच्या काठीला लावला. मला हे वाचलं तेव्हा फार भरून आलं होतं. असो, विषय पुढं नेतो.

स्कॉटलंडहून मी काठी आणली. तेरा फुटी, आठ नंबरची. हा नंबर काठीला किती वजनाची दोरी लागते त्याचा. दोरी मात्र इकडं आल्यावर एका दुकानातून मागवली. मी विचारलं, काठी आठ नंबरची आहे, दोन हातांची आहे, दोरी कोणती? उत्तर आलं, "आठाला आठ. डोळे झाकून घ्या." मी घेतली. आणि दीड वर्ष, मंडळी, मिरजेकडच्या एका जुन्या खणीवर दर रविवारी पहाटे मी ती काठी हलवत होतो. काठी वाकायचीच नाही. तुम्ही गोफण फिरवली असेल लहानपणी. धोंडा न घालता फिरवा, हाताला काहीच लागत नाही. तसं. मग मी जोर लावायचो. जोर लावला की दोरी गोळा होऊन माझ्याच डोक्यावर. खांदा धरला, डॉक्टर झाले, शेक झाला. बायको म्हणाली, वय झालं आता, सोडा. मलाही तेच वाटायला लागलं होतं. त्या दीड वर्षाचा मला अजून राग आहे. पैशाचा नाही. माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो आणि चूक एका आकड्यात असते, याचा आहे.

झालं असं की एका संध्याकाळी दोरीचा मूळ खोका हाती लागला. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं, २१० ग्रेन. ग्रेन म्हणजे काय? मी लेथवाला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माझी ओळख, पण ग्रेनशी नाही. दुसऱ्या दिवशी दोरीचं वेटोळं पिशवीत घालून सराफ कट्ट्यावर गेलो. आमचे जुने परिचित सराफकाका आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना म्हटलं, एवढं तोलून द्या. त्यांनी वेटोळं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मोड द्यायची आहे का?"

आम्ही दोरीचे पुढचे तीस फूट मोजून पारड्यात ठेवले, उरलेली दोरी मी वर हातात सैल धरली. काट्यावर साडेतेरा ग्रॅमच्या जरा वर आकडा आला. आणि काका सहज बोलून गेले, "ग्रेन आम्हाला माहीत आहे की. जुना तोळा एकशेऐंशी ग्रेनचा." मी उभा होतो तो बाकावर बसलो. इंग्रजांनी १८३३ साली तोळा बांधून दिला तो बरोबर १८० ग्रेनचा, आपले ११.६६ ग्रॅम. म्हणजे माझी दोरी सव्वा तोळ्याच्याही आत होती. आणि माझ्या काठीवर, मुठीच्या वर, इतके दिवस मी न वाचलेला आकडा होता: ५४०. भागा एकशेऐंशीनं. तीन. काठी तीन तोळे मागत होती, मी तिला सव्वासुद्धा देत नव्हतो.

चूक कुठं होती ते सांगतो, कारण उद्या तुमच्यापैकी कुणी घ्यायला जाईल. एकहाती दोरीचा आठ नंबर पहिल्या तीस फुटांच्या वजनावर ठरतो, २१० ग्रेन. दोनहाती काठीवरचा आठ वेगळा. आकडा एकच, अर्थ दोन. काठी लांब, बुडाशी जाड, तिला वाकवायला वजन जास्त लागतं. शिवाय या फेकीत दोरीचा काही भाग पाण्यावर टेकलेला असतो, काठीला वाकवायला पाठीमागची कमान तेवढी मिळते. तीन तोळ्यांची दोरी लावली त्या पहाटे दुसऱ्याच फेकीला काठी मुठीपर्यंत वाकलेली तळव्याला कळली. खांदा दुखला नाही. दोरी खणीच्या पलीकडच्या दगडांवर जाऊन पडली आणि तिथली टिटवी ओरडत उडाली.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि फेक तर अजून सांगायचीच आहे, तेव्हा भराभर जातो.

पहिलं, उचलणं. काठीचं टोक पाण्याला लागेल इतकं खाली ठेवून सुरुवात करायची आणि सावकाश उचलायचं. झटका दिला की दोरी फाटल्यासारखी निघते आणि पुढचं सगळं बिघडतं.

मग वळवणं. टोक बाजूनं मागं न्यायचं, किंचित चढतं. मध्येच टोक खाली गेलं तर दोरी पाण्यात पडते, हा सगळ्यांचा पहिला दोष. वळवताना दोरीचं शेवटचं टोक आपल्या बाजूला, काठीभर अंतरावर पाण्यावर टेकतं. तो नांगर. तो जिकडं फेकायचं त्या दिशेला समांतर पडला पाहिजे, आणि मागची कमान लक्ष्याच्या बरोबर उलट्या बाजूला. नांगर आडवा पडला तर फेकीची अर्धी ताकद त्याला ओढण्यातच जाते. फार वेळ थांबलात तर पाणी दोरीला धरून ठेवतं. आणि नांगर टिकलाच नाही, सुटला, तर कडाड आवाज येतो. पोतराजाचा आसूड वाजतो तसा. आसुडाचं टोक आवाजापेक्षा जोरात जातं म्हणून तो वाजतो. आसुडाच्या टोकाला सूत असतं, आपल्या टोकाला गळ आहे. म्हणून चष्मा घातल्याशिवाय काठी हातात घ्यायची नाही, ही माझी विनंती नाही, अट आहे. जमिनीवर सराव होत नाही तोही याचमुळं. मातीवर दोरी सरकते, नांगर धरत नाही.

शेवटी पुढची फेक, आणि इथं दोन हातांचं काम. पहार आठवा. वरचा हात टेकू, खालचा हात जोर. माझ्या काठीवर दोन हातांत दीड फूट अंतर, वरच्या हाताच्या पुढं सुमारे अकरा फूट. खालचा हात वीतभर पोटाकडं आला की टोक पाच-साडेपाच फूट जातं. वरच्या हातानं ढकललं तर टोक खाली कोसळतं आणि दोरीचा घेर मोठा होऊन हवेतच मरतो. खालच्यानं ओढा, नि एकदम थांबा, टोक वर असतानाच. दोरी सुटते ती थांबल्यावर.

वारा. नदीच्या वरून खाली वाहत असेल तर नांगर आपल्या खालच्या बाजूला टाकायचा, डबल स्पे. खालून वर येत असेल तर वरच्या बाजूला, सिंगल स्पे. म्हणजे वारा गळाला कायम आपल्यापासून दूर नेतो. उलटं करू नका, कान फाटलेले मी बघितले आहेत. अमेरिकेतल्या स्कॅजिट नदीवरची आखूड जड दोरी, स्वीडनच्या गोरान अँडरसननं रूढ केलेली खालच्या हाताची फेक, या दोन्हींवर बोलायचं होतं, राहिलं.

उद्या सकाळी साडेसहाला हरिपूरला या. गळ बांधणार नाही, लाल लोकरीचा गोंडा असेल. घरात अशी दोरी पडून असेल त्यांनी ती आणि काठी दोन्ही आणा. सराफकाका काटा घेऊन येतो म्हणाले आहेत. घाटावर वाऱ्यानं काटा हलतो, म्हणून तोलायला देवळाच्या आडोशाला बसू, आणि मग खाली पाण्यात उतरू.