चाकणच्या कांद्यात हरवलेल्या दोन वाट्या

[दृश्य : कांद्याचे वाफे. डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा. यंत्राचा अखंड किरकिराट.]

चाकणच्या पुढे, खेड तालुक्यातलं हे शेत. कांद्याची लागण चालू असताना वहिनींच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला. काळे मणी बरेचसे सापडले, पण सोन्याच्या दोन्ही वाट्या मातीत गेल्या. घरच्यांनी माती चाळून पाहिली, पाटाचं पाणी अडवून पाहिलं. शेवटी भोसरीहून एका काकांना बोलावणं गेलं. काका निवृत्त वायरमन. लोकांच्या हरवलेल्या वस्तू मेटल डिटेक्टरने शोधून देतात.

यंत्र सुरू झालं आणि कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, जमिनीजवळ जायच्या आतच ओरडायला लागलं. धातू कोणता असावा याचा अंदाज देणारा पडद्यावरचा आकडा 12, मग 59, मग 33. खाली धातूचा पत्ता नाही. अशा वेळी कुणी यंत्र बिघडलं म्हणून घरी जातं, कुणी घाईघाईने सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा तिखटपणा, तळाला नेतं. काका कॉइल कमरेच्या उंचीवर धरून नुसते उभे राहतात.

[दृश्य : स्थिर धरलेली कॉइल. काकांचा चेहरा, कान हेडफोनकडे.]

या सगळ्या कामात मला हे उभं राहणं सगळ्यात मोलाचं वाटतं. कॉइल फिरवताना आवाज येतो आणि थांबवली की बंद होतो, तर तो बहुधा मातीचा. आपल्याकडची जमीन बेसाल्टची, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं आणि यंत्राला तेही जाणवतं. त्यावर उपाय ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे यंत्राला मातीचा आवाज वगळायला लावण्याचा. पण कॉइल हवेत, हात स्थिर, आणि तरी किरकिर चालूच, म्हणजे त्रास विजेचा. अर्थात त्याआधी कॉइलची केबल दांडीवर घट्ट गुंडाळली आहे ना, हे बघायचं. सैल हलणारी केबलही खोटे आवाज देते. आणि खिशातला मोबाइल लांब ठेवायचा.

विजेचा त्रास का होतो? कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. बहुतेक यंत्रांमध्ये हा वेग 5 ते 40 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. त्याने आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं, मातीतल्या धातूत बारीक प्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचं इवलंसं क्षेत्र यंत्र परत टिपतं. इतकं नाजूक ऐकणारं यंत्र त्याच पट्ट्यातलं दुसरं काहीही ऐकणारच.

आता या शेतात काय काय आहे ते बघा. वरच्या तारांमधली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे यंत्राच्या पट्ट्याच्या खूप खाली. पण तिच्या पटीतल्या लहरी वरपर्यंत चढतात, शिवाय धूळ बसलेल्या इन्सुलेटरवर बारीक ठिणग्या पडतात. पलीकडच्या बांधावर रानडुकरांसाठी लावलेलं, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन आहे. ते ओळखायला सगळ्यात सोपं. साधारण सेकंदा-दीड सेकंदाला एक ठोका, अगदी ठरल्या तालात. मातीतला धातू असा ताल धरत नाही.

काका विचारतात, "वहिनी, ते झटका मशीन तासभर बंद ठेवता येईल का?"

"आमचं नाही ओ ते, भाऊजींचं आहे. थांबा, फोन लावते."

मशीन बंद झालं, ठोका गेला. किरकिर मात्र उरलीच.

[दृश्य : काका कॉइल उभी धरून जागच्या जागी सावकाश वळताना. जवळून : पडद्यावरचे आकडे.]

आता त्यांनी कॉइल उभी धरली आणि जागेवरच वळायला सुरुवात केली. विहिरीकडे तोंड केल्यावर आवाज चढला, काटकोनात वळल्यावर जवळजवळ बसला. पुन्हा फिरले, पुन्हा तसंच. विहिरीवर सौर पंप आहे. त्याचा कंट्रोलर पॅनेलमधली वीज मोटरला द्यायच्या आधी तिचे अतिवेगाने तुकडे पाडतो, आणि असे कंट्रोलर बऱ्याचदा 2 ते 16 किलोहर्ट्झच्या दरम्यान चालतात. म्हणजे नेमका डिटेक्टरचाच पट्टा. जुन्या पंपापेक्षा हा शेजारी यंत्राला जास्त जाचतो. गावोगावी सौर पंप येताहेत ही चांगलीच गोष्ट आहे. शोधणाऱ्याने आपली वेळ बदलावी. ऊन नसलं की हा पंप गप्प असतो.

म्हणून काका दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला आले, आणि तो दिवसही त्यांनी मुद्दाम गुरुवार निवडला. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी लाइट जाण्याचा वार, आणि परिसरातल्या पुष्कळ कारखान्यांची सुट्टीही त्याच दिवशी. एरवी वैताग देणारा वार इथे कामाला येतो. मोठ्या तारा चालूच राहतात, पण उरलेला गोंगाट पुष्कळ उतरतो.

याच नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगावजवळ खोडद लागतं. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी होता, हे ती जागा निवडण्याचं एक मोठं कारण. तिची वारंवारता डिटेक्टरपेक्षा कितीतरी वर, पण वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांनी तिथले शास्त्रज्ञही हैराण होतात. क्षीण काही ऐकायचं असेल, तर आधी शांतता मिळवायला खपावं लागतं.

[दृश्य : पहाट. यंत्राची बटणं जवळून.]

पहाटे काकांनी यंत्राला स्वतःची वारंवारता थोडी सरकवून सगळ्यात शांत जागा शोधू दिली. तेवढा वेळ कॉइल स्थिर, जमिनीपासून वर. मग मोठी कॉइल काढून लहान लावली, कारण लहान कॉइल गोंगाटही कमी गोळा करते. सेन्सिटिव्हिटीला हात लावला तो सगळ्यात शेवटी, आणि तीही थोडीच उतरवली.

ती उतरवायला लोक उगाच घाबरतात. छोट्या वस्तूकडे जाणारं क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने कमी होतं, परत येणारंही तसंच. एकूण सहावा घात. त्या हिशेबाने यंत्राची ताकद निम्मी केली, तरी जास्तीत जास्त खोली जेमतेम दहाव्या हिश्श्याने घटते. वाटी तर इथे चार बोटं खाली असणार. सतत ओरडणाऱ्या यंत्रात मात्र ती हाताखालून निघून गेली तरी कळणार नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. हे सगळं मालकाच्या परवानगीने, हरवलेल्या वस्तूसाठी. शिवनेरी किंवा लोहगडासारख्या संरक्षित वास्तूंवर असं खोदणं हा गुन्हा आहे. आणि जमिनीत जुनं धन सापडलं, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

[दृश्य : वाफ्यात यंत्राचा एकच स्वच्छ आवाज. काका आडवे जातात, मग उभे. आवाज तोच.]

दोन दिशांनी कॉइल फिरवली, दोन्ही वेळा आवाज त्याच जागी. आकडा लहान, गुटख्याच्या पुडीचा येतो तसाच, पण तेवढ्यावरून तो वगळायचा नाही. काकांनी खुरप्याने ढेकूळ उचललं, हातावर फोडलं. मातीने भरलेली वाटी, आणि तिच्या कडीत अडकलेला दोऱ्याचा तुकडा.

वहिनींनी ती पदराने पुसली आणि बघितली. "ही माहेरची."

पॅनेलवर ऊन पडलं आणि किरकिर परत सुरू झाली. सासरच्या वाटीसाठी काका उद्या पहाटे येणार आहेत, आणि सुरुवात पाटाच्या कडेने करणार आहेत. रोपांना पाणी त्याच बाजूने दिलं होतं.