रजिस्ट्री क्लीनरला पैसे द्यायच्या आधी

नमस्कार मंडळी. मी तपकीर गल्लीतनं पार्ट आणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे भाषण असं नाही, जे रोज बघतो तेच सांगतो.

मागच्या महिन्यात कर्वेनगरचे एक काका लॅपटॉप घेऊन आले, त्यात रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजमधल्या जुन्या नोंदी पुसून कॉम्प्युटर फास्ट करतो म्हणणारं सॉफ्टवेअर, स्क्रीनवर लाल अक्षरात १,१४३ एरर, खाली 'फिक्स ऑल', आणि ते दाबलं की कार्ड नंबर मागतंय. काका अक्षरशः घाबरलेले, सगळे फोटो जातील म्हणून. मी म्हटलं थांबा, आधी यादी उघडू. तर त्यात काय, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरच्या नोंदी, डिलीट केलेल्या वर्ड फायलींची नावं, नातवाने टाकून काढलेल्या गेमच्या चार ओळी. फोटोंचा काही संबंधच नाही!

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची वही, विंडोज ९५ पासून जवळपास सगळी सॉफ्टवेअर तिच्यात लिहितात, लाखो नोंदी असतात. पण विंडोज ती पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट काढतं, म्हणून हजारभर मेलेल्या नोंदी पुसल्या तरी स्पीडमध्ये फरक जाणवत नाही. उलट एखादी कामाची नोंद गेली तर प्रोग्रॅम उघडत नाही, कधी विंडोजच चालू होत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की अशा क्लीनरना आमचा सपोर्ट नाही, बिघडलं तर विंडोज परत टाकावं लागू शकतं. आणि विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून रजिस्ट्रीचा आपोआप होणारा बॅकअपही बंद झालाय, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

तरी घ्यायचंच असेल तर आधी फुकट स्कॅन करा आणि प्रत्येक एरर नेमकी कसली आहे ते दिसतंय का बघा, नुसता आकडा दाखवत असेल तर तिथंच सोडा. पुसायच्या आधी बॅकअप घेतं का, अनडू आहे का, वर्षाने पैसे आपोआप कापणार का, हेही बघा. मी तर नुकत्याच फॉरमॅट केलेल्या मशीनवर चालवून बघतो, कोऱ्या विंडोजवरही शेकडो एरर सापडल्या की मग काय ते समजायचं.

आकड्याने घाबरवायचा हा धंदा लहान नाही हो. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाच्या कंपनीच्या दुकानांत कॉम्प्युटरची मोफत तपासणी व्हायची, सुरुवातीच्या चार प्रश्नांपैकी एकावर जरी टिक केली तरी रिझल्ट ठरलेला, मशीनमध्ये व्हायरसची लक्षणं! २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि ते सॉफ्टवेअर देणारी सपोर्ट डॉट कॉम, दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

काकांच्या लॅपटॉपचं म्हणाल तर टास्क मॅनेजर, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, त्यात स्टार्टअपला, म्हणजे मशीन चालू होताच आपोआप उघडणारे, अकरा प्रोग्रॅम होते, आठ बंद केले, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क, टाकली. आधी चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, आता काकू गॅसवर चहा ठेवून येईपर्यंत तयार असतो. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येईल, त्यात स्टार्टअप उघडा, मी एकेकाजवळ येतो.