दर्यान टाकलेलं डांबर

मे महिना संपत आलाय, मालवणच्या बाजूचा किनारा, सकाळी सकाळी रापण ओढायला सगळी जमलीत आणि जाळं वर येतं तेव्हा बांगड्याच्या आधी दिसतात ते हे काळे चिकट गोळे. काका बघतात आणि एवढंच बोलतात, "दर्यान परत डांबर टाकल्यान." मग अख्खी दुपार घासलेट लावून जाळं पुसण्यात जाते, पायाचं खोबरेल तेलाने निघतं पण जाळ्याचं निघत नाही, आणि त्या दिवसाची कमाई गेली ती गेलीच.

हे रस्त्यावरचं डांबर नाही बरं का. समुद्रात कच्चं तेल सांडलं की त्यातला हलका भाग हवेत उडून जातो, राहिलेलं पाण्यात घुसळून घट्ट होतं, लाटा त्याचे तुकडे करतात आणि पावसाळी वारा ते आपल्या दारात आणून टाकतो.

पण सांडलं कोणी? ते त्या गोळ्यातच लिहिलेलं असतं, खरंच.

खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात गाडले गेलेले जीव. 1934 मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन केमिस्टला तेलात चक्क क्लोरोफिलपासून बनलेले रेणू सापडले, म्हणजे कधीकाळी उन्हात हिरवं असलेलं काहीतरी त्या काळ्या तेलात अजून शिल्लक होतं! तसेच होपेन नावाचे रेणू, जुन्या बॅक्टेरियांच्या पेशींच्या आवरणातले, ऊन-लाटा खाऊनही टिकतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण तेलागणिक बदलतं, आपल्या बोटांच्या ठशांसारखं.

गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरचे गोळे तपासले, ठसे वेगवेगळ्या तेलांशी जुळवून बघितले, समुद्राचे प्रवाह कॉम्प्युटरवर उलटे फिरवून बघितले. काहींचा मेळ मुंबई हायच्या तेलाशी बसला, समुद्रातलं तेच तेलक्षेत्र जे 1974 साली सागर सम्राट या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवरून सापडलं. काहींचा आग्नेय आशियातल्या तेलाशी, म्हणजे वाटेत टाक्या धुवून पुढे गेलेला एखादा टँकर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप राग आला, कारण इतकी वर्षं आम्ही दर्यालाच बोल लावत होतो.

यावेळी काकांनी एक गोळा फेकला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालत होते, मी थांबवलं, प्लास्टिक पण तेलापासूनच बनतं ना, तपासणीत घोळ होतो. आता तो फॉइलमध्ये गुंडाळून काचेच्या बरणीत ठेवलाय, वर तारीख आणि वेळ लिहून, काकांच्या अक्षरात.